जैसलमेरला जा, पण व्हाया कंधार!

‘उंट बघायला एवढं दूर कशाला जायलीस? माळेगावला येतेत की!’

जैसलमेरची बॅग भरत होते, तेव्हा आजीनं हे ऐकवलं आणि घरात सगळे हसले. पण तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या लोहा तालुक्यातली पोरं उंट पहिल्यांदा बघतात ते माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत. मार्गशीर्षात घोडे, गाढवं, कुत्री, उंट असा सगळा बाजार तिथं भरतो. वाळू मात्र नसते. म्हणून आम्ही पाच जण सेमिस्टर संपल्या संपल्या राजस्थानला निघालो.

तुमच्याही ग्रुपवर असा प्लॅन शिजत असणार. आता तर निमित्तही सोपं झालंय. 2025च्या जुलैपासून काचीगुडा ते भगत की कोठी ही गाडी नांदेडवरून जाते. भगत की कोठी म्हणजे जोधपूरच. तिथून जैसलमेरला दुसरी गाडी. तेव्हा जा, नक्की जा. फक्त तिथं काय बघायचं आणि परत येऊन काय बघायचं, हे दोन्ही सांगायला हा लेख.

सोन्याचा किल्ला, माणसांचा किल्ला

रावळ जैसल यांनी 1156 साली वसवलेलं हे शहर. त्रिकूट टेकडीवरचा किल्ला पिवळ्या वालुकाश्माचा आहे. सकाळी तो फिका दिसतो आणि संध्याकाळी तापलेल्या सोन्यासारखा. सत्यजित राय यांनी 1974 साली ‘सोनार केल्ला’ हा सिनेमा इथं आणला, तेव्हापासून बंगाली पर्यटक या किल्ल्याच्या प्रेमात आहेत. पण मला सगळ्यात भारी वाटलं ते म्हणजे या किल्ल्यात आजही माणसं राहतात. तटाच्या आत वाळत घातलेले कपडे, शाळेला निघालेली पोरं, किराणा दुकान, जैन मंदिरातली घंटा. आपल्याकडे किल्ला म्हटलं की पडकी भिंत आणि गवत डोळ्यासमोर येतं, इथं आख्खी गल्ली नांदते.

आता त्याची दुसरी बाजू. किल्ला बांधला गेला तो घागरीनं पाणी भरणाऱ्या घरांसाठी. पुढे घरोघरी नळ आले, संडास आले, हॉटेलं आली. वापरलेलं पाणी जुन्या गटारांतून पुरेसं बाहेर पडेना आणि टेकडीच्या पोटात मुरायला लागलं. पायाच ओला झाला, म्हणून काही ठिकाणी तटबंदी ढासळली. वाळवंटातल्या किल्ल्याला पाण्यानं धोका व्हावा, ही काय गंमत! 2013 साली राजस्थानच्या ज्या सहा डोंगरी किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत हाही आहे. तरी हा प्रश्न त्याला चुकला नाही.

गडीसरवरचा एक प्रश्न

किल्ला, पटवों की हवेली, सम गावच्या वाळूच्या टेकड्या हे सगळं तुमच्या यादीत असणारच. त्यात गडीसर तलाव घाला आणि त्याला अर्धा तास नाही, अख्खी सकाळ द्या. चौदाव्या शतकात महारावळ गडसी यांच्या काळातला हा तलाव. शतकानुशतकं शहर याच पाण्यावर जगलं. तलावाला पाणी कुठून? पावसाचंच. ज्या जमिनीवरून वाहत ते तलावात येतं, त्या जमिनीला तिकडे ‘आगोर’ म्हणतात. आगोरात घाण करायची नाही, हा दंडक होता. दाराची गोष्टही मजेदार आहे. तिलों नावाच्या गणिकेनं हे दार बांधलं. ते पाडायचं ठरत होतं, तर तिनं वर कृष्णाचं देऊळ बसवलं आणि दार वाचलं, असं सांगतात.

नावेवरच्या काकांनी आम्हाला सहज विचारलं, ‘आपके यहाँ पानी कहाँ से आता है?’ आमच्यातला एक बोलून गेला, ‘गर्मी में? टँकर से.’ काका हसले. त्यांना वाटलं, पोरगं थट्टा करतंय.

आम्हाला मात्र नंतर हसू येईना.

जैसलमेरला वर्षाला सरासरी 200 मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आपल्या नांदेड जिल्ह्यात त्याच्या चौपट पडतो. आणि 2016 आठवा. मी तेव्हा सहावीत होते. आमच्या गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की अभ्यास सोडून घागरी घेऊन पळायचं, हे आम्हा पोरांचं काम. त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या गाडीचे टँकर धुऊन-पुसून कुठून पाठवले होते, माहीत आहे? राजस्थानातल्या कोट्याहून! वाळवंटाच्या राज्यातून आपल्यासाठी रिकाम्या टाक्या निघाल्या होत्या.

कुलधरा गावालाही सगळे जातात, भूत दिसतं म्हणून. भुताचं राहू द्या. पालीवाल ब्राह्मणांनी वसवलेली ही गावं एकोणिसाव्या शतकात ओस पडली, पण ते लोक वाळवंटात गहू पिकवत होते. युक्ती म्हणजे खडीन. उताराच्या पायथ्याशी लांब मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी शेतातच अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर रब्बी पेरायची. अनुपम मिश्र यांचं ‘राजस्थान की रजत बूंदें’ हे छोटं पुस्तक जाताना गाडीत वाचा. तिथला प्रत्येक बांध तुम्हाला वेगळा दिसेल.

आणि आता लोह्याच्या स्टँडवर या

परत आल्यावर पुढच्याच रविवारी आम्ही तेच पाच जण कंधारच्या एसटीत बसलो. लोह्याहून अर्धा तास लागत नाही. शाळेची सहल सोडली तर आमच्यातल्या तिघांनी किल्ला धड बघितलाच नव्हता.

कंधार हे राजाचं शहर होतं, हे आपण विसरलोय. दहाव्या शतकातला राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण स्वतःला ‘कंधारपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होता. हा तोच राजा, ज्यानं 949 साली पार तमिळ मुलखात, तक्कोलमच्या लढाईत चोळांना हरवलं. जैसलमेर वसायच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. इथं सापडलेल्या शिलालेखात देवळांची नावं आहेत आणि एका तलावाचंही, ‘जगत्तुंगसमुद्र’. तो तलाव आजही आहे. आम्ही गेलो तेव्हा काठावर म्हशी डुंबत होत्या. हजार वर्षांचं पाणी म्हणून तिथं कोणी पाटी वाचत उभं नव्हतं.

याच गावात क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे सापडलेत. पूर्ण मूर्ती पन्नास फुटांहून उंच असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या दगडी पावलाशेजारी उभं राहून फोटो काढा, मग कळेल.

किल्ला भुईकोट आहे. भोवती रुंद खंदक, त्यात हिरवं पाणी, आत तटाच्या मागे तट. लाल महालाच्या कमानीत उभं राहिलं की उन्हातही गार वारा लागतो. आज दिसणारं बांधकाम कोण्या एका राजाचं नाही. राष्ट्रकूटांनंतर यादव, बहामनी, निजामशाही अशा सत्ता येत गेल्या. 1631 साली मोगलांनी तो घेतला. आणि राजपूतच हवे असतील तर तेही इथं आहेत. अठराव्या शतकात निजामाच्या चाकरीतले गौड राजपूत राजा गोपालसिंह इथले किल्लेदार होते!

भिंतींवर खिळ्यानं कोरलेले बदाम आणि नावंही आहेत. एक नाव वाचून आमच्यातला एक गप्प झाला. त्याच्या मोठ्या भावाचं होतं.

2025च्या जुलैमध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या बारांत मराठवाड्याचा एकही नाही. यादीचा विषय वेगळा होता, त्यामुळे रुसायचं कारण नाही. पण कंधार, उदगीर, औसा, परंडा आणि नदी अडवून किल्ल्यातच पाणी महाल बांधणारं नळदुर्ग, यांतले तुम्ही किती बघितलेत? बोटं मोजा.

मला जैसलमेरनं शिकवलं ते इतकंच. कोरड्या मुलखात राजाचं शहर उभं राहतं ते आधी पाणी अडवल्यावर, सोनेरी दगड नंतर येतो. त्यांनी गडीसर राखला, तो बघायला आपण हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करतो. आपला जगत्तुंगसमुद्र अर्ध्या तासावर आहे आणि उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघतो.

तुम्ही जाणार असाल तर

किल्ला पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते जानेवारीत बघा. खंदकात पाणी असतं आणि ऊनही सोसतं. पायात बूट घाला, गवतातून चालावं लागतं. पाण्याची बाटली घरूनच न्या आणि रिकामी परत आणा, खंदकात टाकू नका. सकाळी किल्ला, मग हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आणि उन्हं उतरल्यावर तलाव, एवढं एका दिवसात आरामात होतं. मार्गशीर्षात गेलात तर दुसऱ्या दिवशी माळेगाव. भिंतीवर नाव कोरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. घरात आजी-आजोबा असतील तर निघण्याआधी त्यांना एकच प्रश्न विचारा, आपल्या गावात नळ यायच्या आधी पाणी कुठून आणायचे? माझ्या आजीनं गावाबाहेरची एक बारव सांगितली. आता ती कचऱ्यानं भरलीय. येत्या रविवारी आम्ही पाच जण आधी ती बघायला जातोय.