पायरी बुडाली का?

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. एरवी या वेळेला फोन आला की छातीत धस्स होतं, कारण तो भारतातूनच असणार. पण फेब्रुवारीत, रात्रभर बर्फ पडत असताना वाजलेला फोन शाळेचा असतो. रेकॉर्ड केलेला आवाज, तीन-चार वाक्यं: हवामानामुळे शहरातल्या सर्व शाळा आज बंद राहतील.

मी मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर शहरात सहावी-सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. हे टेकड्यांवर वसलेलं गाव आहे, बॉस्टनच्या पश्चिमेला आणि बॉस्टनपेक्षा उंचावर, त्यामुळे बर्फही जास्त. २०१५ च्या जानेवारीत एकाच वादळात इथे ३४.५ इंच बर्फ पडला होता. आजचा फुटभरच.

सुट्टीचा निर्णय कोणीतरी भल्या पहाटे उठून घेतलेला असतो. किती इंच पडला, एवढाच प्रश्न नसतो. बस चढावर घसरेल का, चालत येणाऱ्यांना फुटपाथ मोकळे मिळतील का, दुपारी शाळा सुटताना वादळ कुठे असेल, हे सगळं रस्तेखात्याशी बोलून ठरवावं लागतं. मी १९९९ साली इथे आले तेव्हा बंद शाळांची यादी टीव्हीच्या खालच्या पट्टीवर गावांच्या आद्याक्षरांप्रमाणे सरकायची. वुस्टर डब्ल्यूवर, म्हणजे जवळजवळ शेवटी. मुलगा लहान असताना सोफ्यावर गुडघे पोटाशी घेऊन ती यादी पाहत बसायचा. आदल्या रात्री पायजमा उलटा घालून, उशीखाली चमचा ठेवून झोपलेला असायचा. तसं केलं की सुट्टी मिळते, यावर इथल्या मुलांचा पक्का विश्वास आहे. माझ्या वर्गातली मुलं आजही हे मला गंभीरपणे समजावून सांगतात. राज्याच्या नियमाप्रमाणे वर्षाचे १८० दिवस शाळा भरावीच लागते, तेव्हा आजचा दिवस जूनच्या उकाड्यात भरून द्यायचा. त्यांना त्याचं काही नसतं. जून फार लांब आहे.

नवरा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करतो. इस्पितळाला सुट्टी नाही. साडेसहाला त्याची गाडी रस्त्यावर पोचली पाहिजे, म्हणून साडेपाचला आम्ही दोघं फावडी घेऊन अंगणात उतरलो.

बर्फ काढणं हे ताकदीपेक्षा सवयीचं काम आहे. निघण्याआधी फावड्याच्या पात्याला तेलाचा हात फिरवायचा, फणस कापायच्या आधी विळीला लावतो तसा. मग बर्फ चिकटत नाही. वारा कुठे वाहतोय ते बघायचं आणि त्याच दिशेला टाकायचं, नाहीतर टाकलेलं सगळं तोंडावर परत येतं. होईल तोवर ढकलायचं. उचलावंच लागलं तर अर्धं फावडं भरायचं, गुडघ्यात वाकायचं, आणि कंबर न पिळता पायांनी वळायचं. पहिल्या वर्षी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी भातखाचरात खोरं चालवल्यासारखी जोर लावत गेले आणि चार दिवस अंथरुणाला खिळले.

सगळ्यात वाईट भाग शेवटी येतो. रस्त्यावरून नांगरगाडी जाते तेव्हा ती रस्त्याचा बर्फ दोन्ही कडांना लोटते आणि प्रत्येक घराच्या तोंडाशी एक बांध घालून जाते. त्यात मीठ, वाळू, काळं पाणी, बर्फाचे गोटे. तासाभरात तो जांभ्याच्या चिऱ्यासारखा होतो. तो फोडायला आम्हाला पाऊण तास लागला. गाडी निघाली, त्याने काच खाली करून हात केला, आणि वळणावर मागचे लाल दिवे बर्फात दिसेनासे झाले.

मग मी घराला वळसा घालून मागच्या भिंतीपाशी गेले. तिथे घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्टीचा धूर बाहेर टाकणारी नळी आहे. बर्फाने ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. २००५ च्या जानेवारीत याच राज्यात अशीच बुजलेली वाट एका सात वर्षांच्या मुलीच्या मृत्यूला कारण झाली. त्यानंतर कायदा झाला आणि २००६ पासून घराघरात त्या वायूची सूचना देणारं यंत्र सक्तीचं झालं. आमच्याकडे ते आहे. तरी मी नळीभोवती तीन हात जागा हाताने मोकळी करते. दर वर्षी वर्गात ज्वलन शिकवताना मुलांना घरी जाऊन ही नळी शोधायला सांगते.

पावणेसातला आईला फोन लावला. चिपळुणात संध्याकाळचे सव्वापाच.

"बर्फ पडतोय म्हणे?"

"पडतोय. शाळा बंद आहे."

"पायरी बुडाली का?"

तिचं माप हेच आहे. सव्वीस वर्षं मी तिला इंच सांगते आणि ती पायऱ्या विचारते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी गावात शिरली तेव्हा ती भावाकडे वरच्या मजल्यावर होती, आणि फोन बंद पडेपर्यंत जिन्याच्या बुडालेल्या पायऱ्या मोजून मला सांगत होती.

"तीन पायऱ्या बुडाल्यात," मी म्हटलं.

"मग तू बाहेर नको पडूस, बाय." थोडं थांबून म्हणाली, "मुलं घरी पोचली ना सगळी?"

मुलं आज शाळेत आलीच नाहीत गं, म्हटलं. पण तिने विचारलं त्यात माझे वडील होते.

बाबा कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. दोन खोल्या, दोन गुरुजी, चार इयत्ता. पावसाळ्यात सुट्टी द्यायची की नाही हे विचारायला फोन नव्हता, तालुक्याला माणूस पाठवायचा तर तोच अडकायचा. शाळेच्या खालून पऱ्या वाहायचा आणि त्याच्या मध्यावर एक काळा धोंडा होता. बाबा तास चालू असताना मधूनच व्हरांड्यात येऊन धोंडा बघून जायचे. पाणी धोंड्याच्या खांद्याला लागलं की शाळा सोडायची. डोक्यावरून वाहायला लागेपर्यंत पलीकडच्या वाडीतली सगळी मुलं पार झालेली असली पाहिजेत.

आणि सोडायची म्हणजे घंटा देऊन मोकळं व्हायचं नाही. बाबा पुढे जाऊन साकवाच्या तोंडाशी उभे राहायचे. एका वेळी दोन मुलं, धाकटं थोरल्याच्या हाताला. पलीकडे पोचलं की मुलाने मागे वळून आपला हजेरीचा आकडा ओरडायचा, पावसाच्या आवाजावर ऐकू जाईल असा. शेवटचा आकडा आल्याशिवाय ते हलायचे नाहीत. मीही त्याच शाळेत होते, तिसरीत. माझं घर अलीकडे, तरी मला घरी सोडायचे नाहीत; इरल्याखाली त्यांच्याजवळ उभी करायचे. एकदा अकरा नंबर आला नाही. बाबा साकव ओलांडून पलीकडे गेले. अकरा नंबर चप्पल वाहून गेली म्हणून करवंदीच्या जाळीमागे रडत बसला होता.

मला मात्र पहाटे एक फोन येतो आणि माझी एकशे दहा मुलं जिथली तिथे राहतात. ती कुठे आहेत हे मला दिसत नाही. ही व्यवस्था चांगली आहे, यात मला शंका नाही. बाबांना ती मिळाली असती तर त्यांनी हात जोडले असते. पण माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांची न्याहारी शाळेत होते. मॅसॅच्युसेट्सने २०२३ मध्ये शाळेतलं जेवण सर्वांना कायमचं मोफत केलं, तेव्हापासून रांगेत कोण भुकेलं आहे हे ओळखू येत नाही, आणि ते तसंच असावं. तरी सोमवारी पहिल्या तासाला डोकं बाकावर टेकणारी मुलं मला माहीत आहेत. आज त्यांची आई कामावर गेली असेल. दुकानं, वृद्धाश्रम, इस्पितळं चालू आहेत.

आठ वाजता काचेच्या सरळ बरणीत आठ इंच बर्फ भरून ओट्यावर ठेवला. वितळल्यावर किती पाणी होईल, याचे अंदाज मुलांनी शुक्रवारी फळ्यावर लिहून ठेवलेत. बहुतेकांनी अर्धी बरणी म्हटलंय. त्याआधी मी त्यांना व्हरमाँटच्या जेरिको गावातल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याची छायाचित्रं दाखवली होती. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्याने १८८५ साली हिमकणाचा पहिला फोटो काढला, आणि मग आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त. कण वितळायच्या आत टिपायचा, म्हणून थंड खोपटात, श्वास आवरून. त्या फोटोंमध्ये कणांच्या फांद्यांमधली मोकळी जागा दिसते. बरणीत मुख्यतः तीच असते, हवा.

अकरापर्यंत बरणीच्या तळाशी एक इंच पाणी उरलं. आठास एक. मी पेन्सिल घेऊन बसले: अंगणातली वाट चाळीस फूट लांब, बारा फूट रुंद, वर फुटभर बर्फ. सुमारे सतराशे किलो निघाले. सकाळी आम्ही एवढं हलवलं होतं. हे गणित उद्या वर्गाला घालायचं, असं वहीत लिहिलं.

दुपारी दोनला बर्फ थांबला. मी पुन्हा बूट चढवले. समोरच्या तिमजली लाकडी घरातला शेजारी रस्त्यावरचा आग विझवायच्या पाण्याचा नळ मोकळा करत होता. आमच्या गल्लीत ते काम आपापसांत ठरलेलं आहे. मी फावडं घेऊन कोपऱ्यावर गेले. तिथे शाळेची बस थांबते. नांगरगाडीने नेमका तिथेच कंबरेइतका ढीग लोटला होता. तो तसाच राहिला तर उद्या सकाळी, अंधार पुरता सरलेला नसताना, मुलं रस्त्यावर उभी राहणार.

ढीग कठीण होता. आधी वरून टोचून भेगा पाडल्या, मग खालून. तासाभराने फुटपाथचं सिमेंट दिसलं. त्यावर मीठ पसरलं. या थांब्यावर सात मुलं चढतात. मी मोकळ्या जागेत उभी राहिले, एकेक पाऊल सरकत सात मोजले. नीट बसत होती. मग दप्तरं आठवली, आणि त्या जाड कोटांचे फुगे. दप्तरांसकट पाचच मावली असती.

फावडं पुन्हा उचललं आणि दोन हात पलीकडे खणायला घेतलं.