काळा डाग म्हणजे मळ नव्हे

त्वचेवरचा डाग दाखवायला कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "याचा रंग बदलतोय की आहे तसाच आहे?" बरंचसं निदान या उत्तरातच होतं.

टेबलाचा कोपरा मांडीला लागला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त साकळतं. आधी जांभळं, मग हिरवट, शेवटी पिवळं. शरीर त्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडत असतं. हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा, पिवळा बिलिरुबिनचा. साधारण २ आठवड्यांत सगळं निवळतं. पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळून बर्फ धरावा, पण चोळू नये.

दुसरा डाग मेलॅनिनचा. डास चावला, मुरूम फोडला, वॅक्सिंगनं पुरळ उठलं, की त्या जागी रंगपेशी जास्त रंग तयार करतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत हे फार सहज होतं. खाज २ दिवसांत थांबते, डाग मात्र महिनोन्‌महिने राहतो. तपकिरी असेल तर रंग वरच्या थरात आहे, तो हळूहळू फिकट होतो. राखाडी-निळसर असेल तर खोल उतरलाय, त्याला वर्षंही लागतात.

हा डाग मळ समजून बायका वजरीनं, नायलॉनच्या जाळीनं पाठ आणि दंड घासत राहतात. घासल्यानं दाह होतो, दाहानं रंग वाढतो, आणि रंग दिसला की पुन्हा घासणं सुरू. "नीट आंघोळ करत नाही" म्हणून मुलींना बोलणी बसतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. मानेवरचा जाड, मखमली काळेपणा तर बहुतेकदा वाढलेल्या वजनाशी आणि इन्शुलिनशी निगडित असतो. तिथं साबण बदलून काय होणार? साखर तपासायला हवी.

घरगुती उपायही जपून करावेत. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. लिंबू चोळून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे चट्टे उठतात. मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि जरा धक्का लागला तरी रक्त साकळतं. त्यापेक्षा घासणं बंद करा, मॉइश्चरायझर लावा, उघड्या भागावर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा.

म्हातारपणी कातडी आपसूकच विरळ होते. बांगडी सरकवली तरी आजींच्या हातावर जांभळा डाग उमटतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. पण ती गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.

मार न लागता अंगभर काळंनिळं पडत असेल, काचेचा पेला दाबूनही न पुसटणारे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स कमी झाल्या की असं होतं; त्या एरवी दीड ते साडेचार लाख असतात. पावसाळ्यात तापासोबत असे ठिपके आले तर डेंग्यूची शंका घ्यायलाच हवी.