जमिनीवरून उठायला किती सेकंद?

हिंगणघाट, आर्वीकडच्या एखाद्या घरात चार-पाच वर्षांचं पोरगं खेळताना सारखं पडतं. खाली बसलं की आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रोवत कसंबसं उठतं. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या, म्हणून घरचे निर्धास्त. रक्तात एसजीओटी-एसजीपीटी ही यकृताची म्हणून ओळखली जाणारी द्रव्यं वाढलेली दिसली की काविळीची औषधं सुरू होतात. हीच द्रव्यं इजा झालेल्या स्नायूंतूनही रक्तात उतरतात, हे लक्षात येईपर्यंत महिने निघून जातात. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरला सीपीके हे स्नायूंतलं द्रव्य रक्तात तपासलं आणि ते हजारोंच्या घरात निघालं, की संशय पक्का होतो : डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. जनुकीय चाचणी त्यावर शिक्कामोर्तब करते.

साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला होणारा हा आजार. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन तयारच होत नाही, त्यामुळे आकुंचनाच्या ताणानं स्नायूपेशींचं आवरण फाटत राहतं. जनुकोपचार कोट्यवधींचे. म्हणून बाजारात आधीच असलेल्या गोळ्या तपासण्याला मोल आहे. त्यांचे दुष्परिणाम तरी माहीत असतात.

पण 'तपासणं' म्हणजे काय? स्तनाच्या कर्करोगावरच्या टॅमॉक्सिफेननं हा आजार असलेल्या उंदरांचे स्नायू चांगलेच सुधारले. मग युरोपात मुलांवर चाचणी झाली : काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय. 2023 मध्ये निकाल आला. 48 आठवड्यांनंतर दोन्ही गटांत खात्रीनं सांगावा असा फरक नव्हता.

निष्क्रिय गोळी देणं पालकांना क्रूर वाटतं, आणि ते मी समजू शकतो. पण सात वर्षांपर्यंत या मुलांचं चालणं बरेचदा आपोआप थोडं सुधारतं, कारण वाढीचा वेग झिजेपेक्षा जास्त असतो. त्या काळात काहीही द्या, गुण आल्यासारखाच वाटेल! तुलनेचा गट नसेल तर आपण स्वतःलाच फसवू.

या कसोटीला उतरलं ते साधं स्टेरॉइड. चार ते सात वर्षांच्या 196 मुलांना तीन वर्षं औषध देऊन, जमिनीवरून उठायला लागणारा वेळही मोजला गेला. 2022 मध्ये ठरलं की प्रेडनिसोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट ही स्टेरॉइडं रोज घेणं, प्रेडनिसोन दहा दिवस घेऊन दहा दिवस थांबण्यापेक्षा सरस. डेफ्लाझाकॉर्टनं वजन प्रेडनिसोनपेक्षा कमी वाढतं. 2017 मध्ये अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला 89,000 डॉलर जाहीर झाली. आपल्याकडे ते मेडिकलमध्ये कितीतरी स्वस्तात मिळतं. स्टेरॉइडनं उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांची देखरेख हवीच. मात्र चेहरा सुजला म्हणून गोळी एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच कमी करायची.