चेष्टा कुठे संपते, हे गावालाही शिकावे लागेल

कांदा काढणीची घाई असते. भल्या पहाटे टेम्पोत सात-आठ बायका दाटीवाटीने बसतात. चढता-उतरताना मुकादमाचा हात नको तिथे लागतो. वाफ्यात कुणीतरी अचकटविचकट बोलतो, बाकीचे हसतात. बाई मान खाली घालून काम उरकते. दुसऱ्या दिवशी ती येत नाही. विचारले तर म्हणते, "अंग दुखतंय." घरी सांगावे तर काम बंद, मुकादमाला बोलावे तर हजेरी बुडणार. आणि बोलणारा म्हणतो, "चेष्टा केली हो, एवढं काय मनावर घ्यायचं?"

हा प्रसंग कुठल्या एका गावचा नाही. पण ही चेष्टा नव्हे, लैंगिक छळ आहे, असे कायदा सांगतो. आणि हा कायदा शहरातल्या कचेऱ्यांपुरता आहे, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. त्याचे मूळच खेड्यात आहे. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी महिला विकास कार्यक्रमात 'साथीन' म्हणून काम करीत. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकालाने कामाच्या जागेसाठी नियम घालून दिले. पुढे २०१३ मध्ये संसदेने कायदा केला आणि तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला.

नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील बोलणे, अश्लील चित्र किंवा व्हिडिओ दाखवणे, तसले हावभाव, हे सारे या कायद्यात येते. रोजंदारीवरची, हंगामी, ठेकेदारामार्फत आलेली बाईही त्यात येते. मालकाने ने-आण करण्यासाठी दिलेले वाहनसुद्धा कामाची जागा धरली जाते.

साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, बाजार समिती, जिथे दहा किंवा जास्त माणसे काम करतात, तिथे अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष बाई असते आणि निम्म्या तरी सदस्य बायका असतात. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. त्यासाठी तालुक्याला नोडल अधिकारी नेमायचा असतो. त्याने सात दिवसांत तक्रार समितीकडे पाठवायची असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी. लिहिता येत नसेल तर लिहून देण्यास मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. बाईचे नाव बाहेर फोडता येत नाही.

पण हे माहीत कुणाला आहे? कायद्याने मालकावर वेळोवेळी प्रशिक्षण घेण्याची जबाबदारी टाकली आहे. कार्यालयाच्या भिंतीवर पाटी लावली, सह्या घेतल्या, चहा-बिस्किटे झाली, की प्रशिक्षण झाले असे नव्हे. बायकांची बैठक आधी वेगळी घ्यावी, म्हणजे त्या मोकळ्या बोलतील. मग मुकादम, ट्रॅक्टरचालक, गेटवरचा कारकून, संचालक यांना बसवावे. कलमे वाचून दाखवण्याऐवजी टेम्पोतला, वजनकाट्यावरचा, गोठ्यातला प्रसंग सांगून विचारावे, "इथं ती हसली, म्हणजे तिला चाललं का?" पोटासाठी आलेली बाई हसते ती पुष्कळदा भीतीने, हे पुरुषांना कुणी तरी समजावून सांगितलेच पाहिजे.

"असं शिकवलं तर बायका खोट्या तक्रारी करतील," अशी शंका काही जण काढतात. समिती दोन्ही बाजू ऐकते. जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूदही आहे. मात्र तक्रार सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

सरपंचांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचे नाव तहसील कचेरीत विचारून ते फोनसह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. खर्च खडूचा आहे. पण "अंग दुखतंय" म्हणून घरी बसलेल्या बाईला, कुठे जायचे ते तरी कळेल.