डोंगरमाथ्यावर बोगनवेल

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरीचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. सासनकाठ्या नाचतात, जोतिबाला दवणा वाहिला जातो. याच कडक उन्हाच्या दिवसांत गुलालाच्याच रंगाची एक वेल बहरात असते. ती म्हणजे बोगनवेल.

पावसाळ्यात समारंभपूर्वक लावलेली रोपे उन्हाळ्यात वाळून जातात, हा अनुभव डोंगराळ गावांतील शाळांना नवा नाही. वारा, पाणीटंचाई आणि मोकाट जनावरे ही त्याची कारणे होत. बोगनवेल मुळे धरल्यावर थोड्या पाण्यावर तगते. काट्यांमुळे जनावरेही तिच्या वाटेस फारशी जात नाहीत. म्हणून शाळा व ग्रामपंचायतीच्या आवारास ती विशेष उपयुक्त ठरते.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या नावावरून तिला हे नाव मिळाले. आपण ज्यांना फुले म्हणतो ती वस्तुतः रंगीत पाने असून खरी फुले त्यांच्या मध्यभागी असलेली लहान, फिकट नळ्यांसारखी असतात.

लागवडीसाठी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांद्यांचे १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे तुकडे घ्यावेत. माती, वाळू व कुजलेले शेणखत भरलेल्या पिशव्यांत ते पावसाळ्याच्या प्रारंभी लावून सावलीत ठेवावेत. दिवसाचे किमान पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. मुळे नाजूक असल्याने पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नये. डोंगरावर पाऊस जोराचा असतो; खड्ड्यात पाणी साचल्यास मुळे कुजतात, म्हणून उताराच्या बाजूस चर काढावा.

पहिला उन्हाळा हीच खरी कसोटी. त्या काळात आठवड्यातून एकदोनदा भरपूर पाणी द्यावे आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. पुढे मात्र पाणी व खत बेताचेच द्यावे. त्यांच्या अतिरेकाने पाने माजतात आणि बहर हटतो. बहर ओसरताच छाटणी करावी, कारण फुले नव्या फुटीवर येतात.

वेल मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवावी व जुन्या दगडी भिंतींवर चढवू नये. छाटणीच्या वेळी हातमोजे वापरावेत.

लागवडीचा दिवस ठरविताना पहिल्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हेही ग्रामसभेत नावानिशी ठरवावे. तरच पुढील चैत्रात ती वेल फुललेली दिसेल.