हिशेब आषाढाचा

सौर विजेवर चालणारं छोटं घर बांधायचं ठरलं की माणूस आधी उन्हाळा डोळ्यांसमोर आणतो. राजापूर तालुक्यातल्या आमच्या उघड्या कातळी सड्यावर एप्रिलची दुपार अनुभवली, तर कोणालाही वाटेल की दोन पॅनेलं टाकली की काम झालं. पण तिथं राहणाऱ्याला वीज लागते बाराही महिने, आणि आषाढात त्याच सड्यावर समोरचं आंब्याचं झाडसुद्धा ढगात दिसेनासं होतं. त्यामुळे घराचा आराखडा सगळ्यात वाईट दिवस धरूनच करावा, या मताचा मी आहे. हे घर माझ्या थोरल्या बहिणीसाठी आहे. ताई व्हीलचेअर वापरते. अंगात ताकद नसण्याचे दिवस तिच्याही वाट्याला येतात, आणि जमिनीपासून स्विचपर्यंत प्रत्येक गोष्ट त्या दिवशी तिच्या हाती आली पाहिजे. विजेचा आणि शरीराचा असे दोन्ही हिशेब एकाच कागदावर मांडल्याशिवाय हे घर उभं राहणार नाही, हे आम्हाला लवकर कळलं.

सड्यावर बांधायचं तर आधी कातळ नीट पाहून घ्यावा. या भागातल्या कातळशिल्पांना २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत जागा मिळाली, आणि अशी शिल्पं गवत-मातीखाली झाकलेलीही असतात. आम्ही गवत काढून, खराट्याने झाडून सगळी जागा पाहिली आणि मगच फक्की टाकली. हे काम कोणी टाळू नये.

पहिला पेच जोत्याचा पडला. कोकणातलं घर म्हणजे उंच जोतं, चार पायऱ्या, पुढे पडवी. पाऊस बघता ते बरोबरच आहे. गवंडीकाका म्हणाले, "दोन फूट जोतं हवंच, नाहीतर श्रावणात पाणी घरात." उताराच्या वाटेसाठी १ ला १२ हे जास्तीत जास्त चढाचं प्रमाण मानतात. म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट लांब उतार झाला. तोही हाताने चाकं ढकलायची वेळ आली की दमवतो, म्हणून ताईला १ ला १५ हवा होता. मग तीस फूट! एवढ्या लांबीत मधे विसाव्याला सपाट जागा द्यावी लागते, आणि त्या उतारावर पावसाळाभर शेवाळ धरतं. उताराचा खर्च मांडला तर तो न्हाणीघराच्या खर्चाएवढा निघाला.

सुटका लेव्हल पाईपने केली. पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन काका पूर्वेच्या कोपऱ्यावर आणि त्यांचा मुलगा पश्चिमेच्या कोपऱ्यावर उभा राहिला. नळीतलं पाणी थरथरून स्थिर झालं, तेव्हा काकांनी खुंटीवर कोळशाने रेघ मारली. डोळ्याला सपाट दिसणाऱ्या जागेत चौदा इंचांचा फरक होता. घराचं तोंड चढाच्या बाजूला वळवलं, तर त्या बाजूला जोतं सहा इंचांचं पुरतं आणि पाठीमागे तेच वीस इंच होतं. सहा इंचांना १ ला १५ ने साडेसात फुटांचा उतार लागतो, आणि एवढा तर पडवीच्या छपराखालीच बसतो. शेवाळाचा प्रश्नही तिथेच मिटला.

पण चढाकडे तोंड म्हणजे पाण्याकडे तोंड. यावर उपाय काकांनीच सुचवला. दारापासून चार हात अलीकडे कातळात दोन फूट रुंद चर मारायचा, तो घराला वळसा घालून खाली सोडायचा आणि वाटेपुरता वर स्लॅब टाकायचा. उंबरठा अजिबात ठेवायचा नाही. त्याऐवजी दाराबाहेर पागोळ्यांच्या रेघेत जाळी लावलेली पन्हळ. उंबरठ्याविना घर ही कल्पना आईला जड गेली. मग ताईनेच सुचवलं की चौकटीखाली लाकडाची पट्टी जमिनीच्या पातळीत बसवू, हळदकुंकू तिच्यावर वाहू. आईची समजूत त्याने पटली आणि चाकही अडणार नाही.

घर म्हणजे बारा बाय वीसची एक खोली, तिला लागून न्हाणीघर आणि पुढे पडवी. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, आतबाहेर गिलाव्याविना, वर कौलं. कागदावर सगळं छान बसलं होतं. फक्कीने आखणी झाल्यावर ताई स्वतः त्या रेघांमध्ये खुर्ची घेऊन गेली. दारांना तीन फुटांची मोकळी रुंदी ठेवली होती, तिथून आरामात निघाली. न्हाणीघर सहा बाय आठचं. व्हीलचेअर पूर्ण वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं, ते आम्ही धरलं होतं. कमोडच्या जागी खोकं मांडलं, बेसिनच्या जागी पाटी. ताईने खुर्ची वळवली आणि पायटेकणीने बेसिनखालची रेघ पुसून टाकली. पुन्हा वळवली, पुन्हा तेच. कारण नंतर उमगलं. दार आत उघडणारं दाखवलं होतं, म्हणून ती त्याच्या फिरण्याची जागा सोडून वळत होती. दार सरकतं केलं आणि सगळं सुटलं. फक्कीची मूठभर पूड आणि अर्धी सकाळ, एवढ्यात झालेली ही दुरुस्ती चिऱ्यांची भिंत उभी राहिल्यावर करायची, तर काय झालं असतं! सुगम्य घर महाग पडतं असं लोक म्हणतात. ते महाग पडतं बांधून झाल्यावर. आखणीच्या वेळी रुंद दाराला आणि सपाट वाटेला फारसे जास्त पैसे पडत नाहीत.

आता वीज. नेहमीचा पंखा पंचाहत्तर वॉट घेतो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. सोळा तास धरले तर ४८० वॉट-तास. सात वॉटचे पाच दिवे पाच तास, १७५. फोन आणि लॅपटॉप १५०. पाणी वरच्या टाकीत चढवायला अर्धा एचपीचा पंप अर्धा तास, २५०. आणि सगळ्यात मोठा आकडा ताईच्या बॅटरीवरच्या खुर्चीचा. ती पूर्ण उतरली असेल, तर चार्जिंगला ५५० लागतात. एकूण सोळाशे, म्हणजे रोजचं दीड युनिटाहून थोडं अधिक. न्हाणीचं पाणी या यादीत नाही आणि येऊही नये. पंधरा लिटरची एक बादली पंचवीस अंशांनी तापवायला जवळजवळ ०.४४ युनिट जातं, म्हणजे पंख्याच्या सोळा तासांइतकं. तापवण्याचं प्रत्येक काम गॅसवर ठेवायचं, हा छोट्या सौर घराचा पहिला नियम.

मुळात फ्रिजही यादीत होता. ताईने तो स्वतः खोडला, पण फक्त पावसाळ्यापुरता. ऑक्टोबर ते मे वीज उरतेच, तेव्हा फ्रिज चालेल. म्हणून त्याचा प्लग आताच बसवून ठेवायचा.

पॅनेलं ५४० वॉटची तीन. नुकसान वजा जाता सत्तर टक्के हाती येतात असं धरलं, तर उन्हाळ्यात दिवसाला सहा युनिटांच्या पुढे मिळतात आणि आषाढातल्या अगदी काळ्या दिवशी, जेमतेम तासाभराच्या उन्हाइतका उजेड असेल तर, १.१. पंखा, दिवे आणि खुर्ची एवढ्यांना १.२ लागतात. तूट नगण्य आहे आणि ती बॅटरी भरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची पाच युनिटांची बॅटरी ऐंशी टक्केच वापरायची म्हटली, तर सलग तीन दिवस सूर्य अजिबात दिसला नाही तरी खुर्ची बंद पडणार नाही. लेड-ॲसिड निम्मीच वापरावी, शिवाय तिला पाणी घालावं लागतं. ते काम ताईवर कशाला टाकायचं?

एक गळती मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी वीज खातो. चाळीस वॉट धरले तर चोवीस तासांत जवळपास एक युनिट! म्हणून बॅटरी चोवीस व्होल्टची घेतली, दिवे आणि पंखा डीसीवर थेट जोडायचे ठरवले. इन्व्हर्टर चालू करायचा तो फक्त पंपाला, लॅपटॉपला आणि खुर्चीच्या चार्जरला.

वायरमन आला तेव्हा त्याने सवयीप्रमाणे भिंतीच्या जागी साडेपाच फुटांची उंची हाताने दाखवली. सगळ्यांकडे इन्व्हर्टर तिथेच असतो, असं त्याचं म्हणणं. ताईने खुर्चीतून हात वर केला, बोटं त्या उंचीच्या बरीच खाली राहिली. काही न बोलता त्याने इन्व्हर्टर साडेतीन फुटांवर आणला आणि बॅटरीची जागाही उतरवली. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात सड्यावर विजा फार कडाडतात. पॅनेलांची जोडणी तोडणारा स्विच अशा वेळी तिच्याच हाताला यायला हवा, कोणाची वाट बघत बसून चालणार नाही. कोरड्या कातळात अर्थिंगही नीट मिळत नाही. त्यासाठी घरामागे माती साठलेली खोलगट जागा शोधली, तिथे ती घ्यायची.

पॅनेलं छपरावर टाकायची नाहीत, हा माझा आग्रह होता. धूळ बसली, पाखरं घाण करून गेली की वीज घटते, आणि कौलांवर दर वेळी कोण चढणार? सड्यावर सावली नाही, जागा भरपूर. तिन्ही पॅनेलं आडवी, एका रांगेत, दक्षिणेला सतरा अंशांनी कललेली. तिथला अक्षांशच जवळपास तेवढा आहे. खालची कड अडीच फुटांवर, वरची साडेतीनच्या थोडी वर. पुढून लांब दांड्याच्या ब्रशने ताई ती स्वतः पुसू शकते, त्यासाठी पुढे पाच फुटांची कडक वाट. ठेंगणी असल्यामुळे वाराही कमी धरतात. तौक्तेसारखं वादळ ज्या किनाऱ्याने २०२१ साली पाहिलं, तिथे हे महत्त्वाचं आहे. गुरांसाठी कुंपण मात्र लागेल.

पैशाची बाजू थोडक्यात. पंतप्रधान सूर्यघर योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान विजेच्या जाळ्याला जोडलेल्या छतावरच्या पॅनेलांसाठी आहे, विजेच्या तारेपासून दूर असलेल्या आमच्या घराला ते लागू नाही. त्यामुळे सगळा भार ताईच्या निवृत्तीच्या पैशांवर. पॅनेलं आता स्वस्त आहेत, बॅटरी नाही. म्हणून कमी विजेचा पंखा थोडा महाग असला तरी घ्यायचा, त्यातून बॅटरी लहान राहते. पहिल्या वर्षी आत फरशी नाही, घोटलेली कोबा जमीन. स्वयंपाकाचा ओटा खालून मोकळा, गुडघे आत जातील असा, कडप्प्याचा. भिंतीतली कपाटं नंतर. न्हाणीघरातल्या आधाराच्या दांड्यांमध्ये मात्र एक रुपयाही कापलेला नाही. त्या चिऱ्यात पक्क्या बसाव्यात म्हणून तेवढ्या जागी काँक्रीटचे ठोकळे भिंत चढतानाच घालायचे आहेत. त्यांची मापं ताईने कमोडच्या खोक्यावर बसून, उठून काकांना दिली आहेत.