अठरा वर्षांचा विद्यार्थी आणि मोफत दंतोपचार

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजीं सुरू झाली, तेव्हां दांतांचे उपचार सर्वांनाच मोफत होते. परंतु खर्च इतका वाढला कीं, १९५१ मध्यें कवळीवर व १९५२ मध्यें इतर उपचारांवर शुल्क बसलें. आज त्या शुल्कांतून मुलें वगळलेलीं आहेत.

मात्र बालपण संपतें कोठें? इंग्लंडमधील नियम असा: १८ वर्षें पूर्ण होईपर्यंत सर्वांस उपचार मोफत, पुढें १९ पूर्ण होईपर्यंत ही सवलत पूर्ण वेळ शिकणाऱ्यांसच. म्हणजे १८ वर्षांचा विद्यार्थी पात्र ठरतो. त्याच वयाचा नोकरी करणारा त्याचा मित्र केवळ वयाच्या आधारें ठरत नाहीं. पात्रता उपचार सुरू होतांना पाहिली जाते. म्हणून एकोणिसावा वाढदिवस जवळ आला असतां तपासणी लांबणीवर टाकूं नये.

त्यानंतर नुसतें विद्यार्थी असणें पुरेसें नाहीं. ज्याचें उत्पन्न अल्प आहे, त्यानें 'एचसी १' हा अर्ज भरावा. मंजुरीनंतर मिळणाऱ्या 'एचसी २' प्रमाणपत्रानें संपूर्ण सूट मिळते. स्कॉटलंड अधिक उदार आहे: तेथें ऑगस्ट २०२१ पासून २६ वर्षांखालील सर्वांना हे उपचार मोफत आहेत.

आपल्याकडून पदव्युत्तर शिक्षणासाठीं इंग्लंडला जाणारे बहुतेक विद्यार्थी १९ ओलांडलेले असतात. प्रवेशपरवान्याबरोबर आरोग्य-अधिभार भरला, तरी दंतोपचाराचें शुल्क चुकत नाहीं. पात्रता नसतां सवलत घेतल्यास दंडही होतो. तेव्हां खुर्चीवर बसण्यापूर्वींच वय व कागदपत्रें पाहावीं, हें उत्तम.